सावडीतलं कन्नड

कन्नड शिकायला बारामतीकडे गेले होते, असं सांगितलं की पुण्यातले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग काळजीनं माझ्या नवऱ्याकडे. कन्नड शिकायचं तर माणसानं धारवाडला जावं, बंगळूरला जावं. बारामतीला ऊस बघायला जातात, द्राक्षं बघायला जातात. पण मी गेले, कांद्याच्या रानात बसून कन्नड शिकले, आणि आता जो भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. आज तुम्ही सापडलात.

आधी कारण सांगते. माझी एकुलती एक लेक मुग्धा लग्न करून धारवाडला गेली. जावई गुणी आहे, त्याला मराठी येतं. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या विहीणबाई शांताक्कांना, कन्नडशिवाय दुसरं काही येत नाही. मुग्धाच्या डोहाळजेवणाला आम्ही दोघी एका सतरंजीवर शेजारी बसलो होतो आणि जेवणं उरकेपर्यंत एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. घरी आल्यावर माझे गाल दुखत होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आता माहेर तिकडे न्यायचं, म्हणजे मीच जायचं. लेक पलंगावर झोपून, जावई नोकरीनिमित्त गावोगावी, आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघी विहिणी. गरम पाणी कुठे आहे हे विचारायलासुद्धा बाळंतिणीला हाक मारायची का? या विचारानं माझी झोप उडाली होती.

शिकायचे प्रयत्न मी काही कमी केले नव्हते. मोबाईलवर ॲप घेतलं, ते रोज मला शाबासकी द्यायचं. दर शनिवारी क्लासला गेले. डब्याडब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तर नवऱ्यानं मिठाच्या जागी साखर घातली. इतकं करून मला काय येत होतं? तर सफरचंद लाल आहे आणि मुलगा शाळेत जातो. विहीणबाईंनी माझ्याकडे आजवर सफरचंदाचा विषय काढलेला नाही.

अशात शालनचा फोन आला. शालन माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन भवानीनगरला गेली ती तिथलीच झाली. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "अगं, आमच्या पिंपळीला ये. माझ्या भावाची सून विजापूरकडची हाय. आली तवा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. आता मलाच शिकवती. आणि तिच्याबरोबर खुरपणाऱ्या बाया कानडी बोलतात."

"बाया कन्नड बोलतात? पिंपळीच्या?"

"व्हय. येऊन बघ की."

मी त्याच आठवड्यात बॅग भरली.

भवानीनगर

बारामतीच्या स्टँडवर शालन स्कूटर घेऊन उभी होती. तिच्या मागे बसून भवानीनगरला निघालो आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत अडकलो. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात लावलेली की आम्हाला गप्पा मारायला ओरडावं लागत होतं. कारखाना जवळ आला तसा मळीचा वास नाकात शिरला. मी नाकाला पदर लावला, तर शालन म्हणाली की हा वास आला नाही तर त्यांना करमत नाही.

शालनचे यजमान, सगळ्यांचे तात्या, कारखान्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताज्या लसणीची चटणी समोर ठेवून ते मला म्हणाले, "वैनी, भाषा शिकायची तर पोटभर जेवावं लागतं. उपाशी माणसाला एकच भाषा येती." मी त्यांचं ऐकलं आणि तिसरी भाकरी घेतली. पुण्यात आम्ही दोन फुलक्यांवर हात धुतो आणि त्याला आरोग्य म्हणतो.

पिंपळी

शालनच्या भावाचं घर पूर्वी मेंढरं राखणारं. आता रान आहे, दुधाच्या गाई आहेत, एक मुलगा टेम्पो चालवतो. मेंढरांच्या दिवसांतल्या जुन्या ओळखीतून सीमेपलीकडे सोयरीक झाली आणि महादेवी या घरात सून म्हणून आली. मला वाटलं होतं, एखादी लाजरी पोर असेल. समोर आली ती कमरेला पदर खोचलेली, खुरप्यानं माझ्याकडे खूण करणारी मालकीणबाई.

"मावशी, चप्पल काढा. खुरपं घ्या. ह्या सऱ्या तुमच्या."

मी म्हटलं, "अगं, मी कन्नड शिकायला आले आहे."

"मग हितं काय भाजी निवडायला बसलोय?"

इथली पद्धत समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. या भागात बायका सावडीनं खुरपतात. आज सगळ्या मिळून तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या रानात. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही, हाताला हात द्यायचा. महादेवी नवी आली तेव्हा तीही सावडीत जायची, पण मुकाट्यानं. सगळ्या जणी हसायच्या तेव्हा हसायची आणि घरी येऊन रडायची. सावडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काशीकाकू. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी जाहीर केलं की हिच्या रानात हिची भाषा चालंल.

काशीकाकूंनी मला स्वतःच सांगितलं. "आमी हिचा हात घेतो, आमची भाषा बी हिच्याकडनं बोलून घेतो. मग हिच्या रानात आमी मराठीच बोललो तर सावड अर्धीच फिटली की. त्ये बरं दिसतं व्हय?"

झालं. इतरांच्या रानात महादेवीनं मराठी बोलायचं, महादेवीच्या रानात सगळ्यांनी कन्नड. कांदा लावला, खुरपला, काढला, तोवर महादेवीला मराठी आलं आणि पिंपळीच्या बायकांना कन्नड. कुणी पुस्तक उघडलं नाही की कुणाला सर म्हटलं नाही. मी हे ऐकून इतकी खूश झाले की हातातलं खुरपं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. काशीकाकूंनी खुरपं उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं.

महादेवीचा पहिला नियम होता: पहिल्या दिवशी तोंड बंद. ऐकायचं आणि हात चालवायचा. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच. पण शेजारच्या सरीत काशीकाकू होत्या. त्या 'हिडी' म्हणाल्या आणि पाटी पुढे केली, मी धरली. 'ता' म्हणाल्या, मी घागर आणून दिली. दुपारपर्यंत मी सांगितलेलं करत होते आणि मनात मराठीत उलटं करून बघायचं विसरले होते. गवताबरोबर बरीच कांद्याची रोपंही उपटली. बांधावरून महादेवीचे सासरे आबा बघत होते. ते म्हणाले, "बाई, आधी कांदा वाचवा. भाषा काय, मागनं बी येती."

दुसरा नियम जास्त जाचक. समजलं नसताना समजल्यासारखं हसायचं नाही. ज्या बाईनं खोटी मान हलवली, तिनं आपली सरी पुन्हा पहिल्यापासून बघायची. आता मला सांगा, डोहाळजेवणाला मी दुसरं काय केलं होतं? खोटं हसणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पहिले दोन दिवस मी एकेका सरीतून परत परत फिरत होते. गुडघे बोलायला लागले. शेवटी झक मारत महादेवीला म्हटलं, नाही समजलं हे कसं म्हणायचं ते तरी सांग.

"नंग तिळिलिल्ल. आन मंग म्हणायचं, सावकाश हेळ. म्हंजी सावकाश सांग."

"सावकाश? हे तर आपलंच."

"आपलं म्हंजी कुणाचं?" ती म्हणाली, आणि पुढच्या सरीला लागली.

जेवणाचा निरोप

फजिती सांगितल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही, म्हणून तीही सांगते.

बोलायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी मी भवानीनगरला आले ती नाचतच. शालन म्हणाली, जरा दम धर. मी कसली धरतेय. मोबाईल उघडला आणि विहीणबाईंना आवाजी निरोप पाठवला. या, बसा, जेवा, एवढंच आपलं, काशीकाकूंच्या तोंडून दिवसभर ऐकलेलं. तात्यांनीही शाबासकी दिली.

थोड्या वेळानं मुग्धाचा फोन. तिला हसू आवरत नव्हतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, आई, मला हसवू नकोस, म्हणाली. "तू माझ्या सासूला 'ए, ये इकडे, बस खाली, गीळ' असं म्हणाली आहेस."

घोटाळा असा होता की पिंपळीच्या बायकांचं कन्नड सगळं रानातलं. महादेवी त्यांच्याशी बोलायची ती रानाची मालकीण म्हणून. हे धर, ते उपट, चल, बस. मानाचं कन्नड त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या एकमेकींना हुकूम सोडून गुण्यागोविंदानं खुरपत होत्या, आणि मी ते हुकूम उचलून थेट विहिणीवर सोडले. व्याह्यांच्या मानपानात एक नारळ कमी पडला तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं.

"रागावल्या का गं?" मी विचारलं.

"रागावल्या? तीनदा ऐकला निरोप. शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवला. अजून हसतायत."

आणि खरंच, रात्रीची भांडी आवरायच्या आत विहीणबाईंचा निरोप आला. आजवर त्यांनी मला थेट एक शब्द पाठवला नव्हता, सगळं मुग्धामार्फत. आता त्या हसत हसत म्हणत होत्या, बर्री, कुंड्री, ऊटा माडरी. या, बसा, जेवण करा. प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'री' लावून, मला ऐकू यावं म्हणून ताणून. मी तो निरोप इतक्या वेळा लावला की तात्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी महादेवीला हे सांगितलं तर ती कपाळावर हात मारून बांधावर बसली. मग उठून काशीकाकूंना म्हणाली, "काकू, इहिणीला बैलावानी हाकलायला शिकवलं तुमी."

काशीकाकू म्हणाल्या, "तू शिकवलं त्येच मी दिलं पुढं."

त्या दिवसापासून सगळ्या रानाला 'री' लागला. काशीकाकू गाईलासुद्धा मानानं हाकलायला लागल्या.

भांडण

महादेवीचा तिसरा नियम मला सगळ्यांत आवडला. तिचं म्हणणं, गोड बोलायला कुठल्याबी भाषेत चार शब्द पुरतात. भांडायला लागलं की खरी भाषा लागते. ती स्वतः मराठी बोलायला लागली ती आबांशी पाण्याच्या पाळीवरून भांडता भांडता. "राग आला की आठवत बसाया टाईम नसतो, मावशी. तोंड आपोआप चालतं."

म्हणून दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर बांधावर माझं आणि विहीणबाईंचं खोटं भांडण लावलं. काशीकाकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्या शांताक्का झाल्या. टॉवेल गुंडाळून बाळ केलं. विषय निघाला बाळाच्या अंघोळीचा. मी म्हणायचं पाणी कोमट हवं, त्यांनी म्हणायचं कढत. पहिल्यांदा मी अडखळत, आठवत, माफी मागत भांडले. महादेवीनं ते मोडीत काढलं. दुसऱ्यांदा काशीकाकूंनी टॉवेल उलटा धरला, डोकं खाली. मला खरंच राग आला. 'साकु', म्हणजे पुरे, म्हणत मी बाळ ओढून घेतलं, ब्याडरी, बिसी नीर ब्याड, कूस सण्णदु ऐतरी, असं भडाभडा काहीतरी बोलून गेले आणि मग मला जाणवलं की मी मराठीत विचारच केला नव्हता. कढत पाणी नको, लेकरू लहान आहे, हे मी थेट कन्नडमध्येच म्हणाले होते. माझे डोळे भरून आले. मी काशीकाकूंना मिठी मारली आणि त्यांनी विहिणीच्या तोऱ्यातच माझ्या पाठीवर धपाटा घातला.

मग डिंकाच्या लाडवांवरून भांडलो. ते तिकडे अंटिन उंडी करतात, आपलेच डिंकाचे लाडू, फक्त गूळ जरा सढळ. या भांडणात कुणीच जिंकलं नाही, कारण मध्येच सगळ्यांना गोड खायची तलफ आली आणि आबांना घरून गुळाचा खडा आणायला पाठवलं.

इंदापूर

एक दिवस सावडीला सुट्टी होती. महादेवीला इंदापूरला बाजार करायचा होता. म्हणाली, चला मावशी, आज परक्या माणसावर बघू.

इंदापूरच्या बाहेर हायवेवर चहाची टपरी आहे, तिथे कर्नाटकातले ट्रक थांबतात. महादेवीनं नंबरप्लेट बघून एक गिऱ्हाईक निवडलं. टायरजवळ उभा राहून एक गृहस्थ चहा पीत होते, मिशा पांढऱ्या, चेहरा दमलेला. महादेवीनं मला पुढे ढकललं आणि स्वतः लांब जाऊन भाजीची पिशवी चाचपत बसली.

मी विचारलं, "ऊटा आतेनरी?" जेवण झालं का, एवढंच.

ते हिंदीत म्हणाले, हां हां, हो गया. मी मागे हटणारी थोडीच आहे. पुन्हा कन्नडमध्येच विचारलं, कुठून आलात, गाडीत काय आहे. ते जरा थांबले, माझ्याकडे आणि माझ्या पुणेरी साडीकडे बघितलं, आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. मी तिळिलिल्ल म्हणाले. ते सावकाश बोलले. पुन्हा तिळिलिल्ल. मग त्यांनी हातवारे केले. गदगचे होते, गाडीत मिरची होती आणि घरी नात दहावीला होती, एवढं मला पक्कं कळलं. निघताना त्यांनी केबिनमधून फडक्यात बांधलेली कडक ज्वारीची रोट्टी काढली, तिच्यावर शेंगाचटणी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. आपली भाकरी मऊ, तव्यावरून थेट ताटात यावी लागते. ही कडाकडा मोडते आणि आठवडाभर टिकते, लांबच्या प्रवासाला तीच बरी. मी अर्धी महादेवीला दिली. तिनं हातावर सांडलेली चटणीसुद्धा टिपून खाल्ली. मग म्हणाली, "आमच्याकडं चटणीत लसूण जास्त असतो."

पुन्हा पिंपळी

माझं परतीचं तिकीट काढलं होतं. पुण्याला जाऊन सामान घ्यायचं आणि धारवाड गाठायचं, बाळंतपणाला अजून अवकाश होता. शेवटची सावड म्हणून तात्या आणि शालन मला गाडीनं सोडायला आले होते आणि आबांबरोबर चहा पीत बसले होते. आम्ही खुरपत होतो, ऊन चढलं होतं. माझा फोन वाजला. विहीणबाई.

निरोप नव्हे, फोन. त्या भराभर बोलत होत्या, मध्येच आवाज फुटत होता. मुग्धाचं नाव ऐकू आलं, दवाखाना ऐकू आला. नेहमीची मी असते तर घाबरून हं हं म्हटलं असतं आणि जावयाला फोन लावला असता. मी म्हणाले, "नंग तिळिलिल्ल. सावकाश हेळरी."

त्या थांबल्या. श्वास घेतला. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मुग्धाचं बीपी वाढलं आहे. सकाळी दवाखान्यात आणली. डॉक्टर लगेच ऑपरेशन करायचं म्हणतात. मुलगा बळ्ळारीकडे साईटवर आहे, फोन लागत नाही. मुग्धानं सही केली, घरच्यांपैकी एकाची हवी आहे.

मग त्या सही का करत नाहीत, हे मला कळेना. मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "निम्म मगळु. नीव हेळरी."

तुमची लेक. तुम्ही सांगा.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून शब्द माझा. डॉक्टर दारात उभे असताना, सून आत असताना, ती बाई हातात पेन घेऊन माझ्या होकारासाठी थांबली होती. आजवर आम्ही दोघी एक वाक्य धड बोललो नव्हतो आणि तरी माझा मान राखायला, मध्ये दुभाषा न शोधता, तिनं थेट मला फोन लावला होता. रानात सगळ्यांची खुरपी थांबली होती. महादेवी माझ्याजवळ आली, पण काही सुचवलं नाही.

"आकी निम्म मगळू हौदरी," मी म्हणाले. ती तुमचीही लेक आहे. "सही माडरी. ईगलेऽ माडरी. हेदरब्याडरी." सही करा, आत्ताच करा, घाबरू नका.

फोन बंद झाला. काशीकाकूंनी मला बांधावर बसवलं, शालननं पाणी दिलं. सगळ्या नुसत्या माझ्याभोवती बसल्या. मुंगळे पायावरून जात होते, लांब उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून चालला होता, आणि मी फोनकडे बघत होते. मुग्धा पहिल्या दिवशी शाळेत गेली तेव्हा मी अशीच फाटकाबाहेर बसले होते, पण तेव्हा निदान आतून तिचा रडण्याचा आवाज तरी येत होता.

फोन वाजला. मी कानाला लावला.

"हेण्ण कूसरी," विहीणबाई रडत होत्या. "आकी आराम अदाळ."

"मुलगी झाली," मी रानाला सांगितलं, "आणि मुग्धा बरी आहे." काशीकाकूंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. आबा बांधावरून उठून उगाचच पाण्याचा पाट बघायला गेले. महादेवी पदरानं डोळे पुसत होती आणि मला गप्प बसायची खूण करत होती, कारण फोनवर विहीणबाई अजून बोलत होत्या.

"लगू बर्री," त्या म्हणाल्या. "ना ओब्बाकीन अदीनी."

हे वाक्य रानात आमच्यापैकी कुणी कधी म्हटलं नव्हतं. सावडीत ते लागतच नाही. महादेवी सांगायला म्हणून वाकली, पण मी उठले होते. खुरपं बांधावर ठेवलं, हाताची माती साडीला पुसली आणि तात्यांना म्हणाले, "गाडी काढा. पुणं नको, थेट धारवाड. विहीणबाई तिकडे एकट्या आहेत."